चाळीस मीटर

भाचीच्या पदवीदानाचे फोटो मी काढावेत असं घरात कुणी ठरवलं नव्हतं. मीच जाहीर केलं होतं. आमच्याकडे बारशापासून डोहाळजेवणापर्यंत फोटो मामाच काढतो, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. एमबीबीएस आणि वर्षाची इंटर्नशिप संपलेली, कॉलेज पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात, समारंभ कॉलेजच्याच सभागृहात. एवढ्या माहितीवर मी लेन्स निवडायला बसलो. सभागृह किती लांब आहे, पालकांना कुठे बसवणार, व्यासपीठाजवळ जाऊ देणार का, पदवी एकेकाच्या हातात देणार की सगळ्यांना एकदम उभं करून ‘प्रदान केली’ असं म्हणून मोकळे होणार, यातलं काहीही मी विचारलं नाही. भाचीला फोन केला होता, नाही असं नाही. पण तो मी ‘सत्तर-दोनशे’ भाड्याने आणतोय हे सांगायला. ‘बरं,’ म्हणाली ती.

ज्यांना कॅमेऱ्याचा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. ७० ते २०० मिलिमीटर, एफ २.८, ही कॅननची पांढरी लेन्स. क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला, मंत्र्यांच्या सभेत, मोठ्या लग्नात जी दिसते त्याच घराण्यातली. मोठ्या लेन्स उन्हात तापू नयेत म्हणून कंपनी त्यांना पांढरट रंग देते, पण माझ्यासारख्याला त्या रंगात भलतंच काही दिसतं. वजन जवळजवळ दीड किलो. विकत घ्यायची ऐपत आणि गरज दोन्ही नव्हती, पण पुण्यात आधार कार्ड आणि डिपॉझिट ठेवलं की दिवसाच्या भाड्याने मिळते. मी घेतली. माझ्या ८०डी कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-१३५ लेन्स, जिला आम्ही मंडळी तुच्छतेने ‘किट लेन्स’ म्हणतो, ती घरी ठेवली. जुन्या कॅमेऱ्याची ५५-२५० कपाटात बुरशी लागू नये म्हणून सिलिका जेलच्या डब्यात होती, ती तिथेच राहिली. पिशवीत भाड्याची पांढरी, पोर्ट्रेटसाठी ५० एफ १.८ आणि ग्रुप फोटोसाठी १०-१८. मधला १८ ते ५०चा पट्टा, म्हणजे ज्यात घरगुती फोटोंपैकी बहुतेक सगळे बसतात, तो रिकामा. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

सभागृहात शिरलो तर खालच्या खुर्च्या पदवीधरांना आणि प्राध्यापकांना, आणि पालक वर गॅलरीत. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका स्वयंसेवक मुलाने माझ्या लेन्सकडे पाहून ‘सर, प्रेस का?’ असं अदबीने विचारलं. खरं सांगायचं तर तेवढ्यापुरतं भाडं वसूल झाल्यासारखं वाटलं. ‘नाही, मामा,’ म्हटल्यावर त्याने तितक्याच अदबीने जिना दाखवला.

गॅलरीच्या ज्या रांगेत ताईने जागा धरली होती तिथून व्यासपीठ साधारण चाळीस मीटर. आता गणित पाहा. अवघड नाही, सहावीतलं त्रैराशिक आहे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२.५ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच. समोरचं अंतर भागिले लेन्सचे मिलिमीटर गुणिले सेन्सरची रुंदी, की फ्रेममध्ये किती रुंदीचा देखावा मावेल ते निघतं. चाळीस मीटरवरून २०० मिलिमीटरला साडेचार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच चौकट मिळते. सव्वापाच फुटांची भाची त्यात उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त. तिच्या आजूबाजूला अधिष्ठाता, प्रमुख पाहुणे, तबक धरलेली मुलगी, पुष्पगुच्छांचं टेबल आणि पाण्याच्या बाटल्या. कपाटातल्या २५०ने तीच चौकट ३.६ मीटरवर आली असती. म्हणजे घरी फुकट पडलेली, ३७५ ग्रॅमची प्लॅस्टिकची लेन्स जास्त जवळ गेली असती.

यावर जाणकार म्हणतील, पण उजेडाचं काय? बरोबर आहे. २५०ला त्या स्वस्त लेन्सचं तोंड एफ ५.६च्या वर उघडत नाही आणि पांढरी एफ २.८ला उघडते. आत येणाऱ्या उजेडात चौपट फरक. ज्या प्रकाशात मला आयएसओ ३२०० पुरला असता तिथे तिला १२८०० लागला असता, आणि ८०डीला १२८००वर फोटोत दाणे येतात. येऊ देत ना. आमच्या घरात फोटोतले दाणे पाहणारा मी एकटाच आहे. बाकीचे माणसं पाहतात.

बरं, एफ २.८ आणली होती तर तिचा तरी फायदा उठवावा. तोही नाही. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना ठोकताळा असा की शटरचा वेग लेन्सच्या लांबीपेक्षा कमी नको, म्हणजे २०० गुणिले माझ्या लहान सेन्सरचा १.६ हा गुणक, म्हणून सेकंदाचा ३२०वा भाग. मी आणखी सावध होऊन १/५०० ठेवला. लेन्समध्ये थरथर आवरणारी यंत्रणा होती, तिचा विश्वास धरला नाही. आणि व्यासपीठाच्या मागे होती एलईडीची भिंत. हल्ली कापडी बॅनर गेले, त्यांच्या जागी ही झगझगीत भिंत आली. माझ्या कॅमेऱ्यात १/२५०च्या पुढे शटरचे दोन पडदे एकामागोमाग धावतात आणि सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. एलईडी तर डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात. फट सरकताना दिवा कधी पेटलेला, कधी विझलेला, त्यामुळे फोटोत भिंतीवर आडवे काळे पट्टे. १/२५० किंवा त्याहून कमी ठेवला असता तर पट्टे सौम्य झाले असते, आणि हस्तांदोलन टिपायला तेवढा वेग पुष्कळ होतो.

पट्ट्यांपेक्षा वाईट गोष्ट उजेड मोजण्याची झाली. कॅमेरा अख्ख्या चौकटीचा सरासरी उजेड मोजतो. चौकटीत निम्मी एलईडी भिंत म्हटल्यावर त्याने ठरवलं की फार उजेड आहे, आणि सगळं अंधारून टाकलं. माझ्या भाचीला पदवी मिळतानाच्या फोटोत कॉलेजचं बोधचिन्ह, संस्थेचं नाव, स्थापनेचं साल, सगळं सुवाच्य आहे. भाची आणि अधिष्ठाता यांच्या मात्र सावल्या आहेत. एरवी मी लोकांना ‘स्पॉट मीटरिंग वापरा, चेहऱ्यावरून मोजा’ असं सांगत फिरतो. तिथे मात्र माझं सगळं लक्ष तिचं नाव कधी पुकारतात याकडे होतं आणि बोट शटरवर होतं. मीटरिंगचं बटण कुठे आहे हे त्या क्षणी बोटाला आठवेना. रॉ फाइल होती म्हणून घरी येऊन दोनेक स्टॉप वर ओढून चेहरे ओळखण्याजोगे केले. कॉलेजने नेमलेला फोटोग्राफर व्यासपीठाच्या पायथ्याशी, चारेक मीटरवर, फ्लॅश लावून उभा होता. त्याने प्रत्येक मुलाचा तोच क्षण स्वच्छ टिपला आणि पुढे सगळ्या पालकांना प्रती मिळाल्या. म्हणजे ज्या एका फोटोसाठी मी दीड किलो आणि डिपॉझिट वाहून आणलं, तो माझ्याशिवाय निघणारच होता. आधी विचारलं असतं तर हे कळलं असतं.

आणि शपथ. पदव्या वाटून झाल्यावर सगळ्या नव्या डॉक्टरांनी उभं राहून, उजवा हात पुढे करून शपथ घेतली. मला वाटलं, आता अख्ख्या सभागृहाचा रुंद फोटो हवा. म्हणून मांडीवर कॅमेरा, दातात लेन्सचं टोपण, गुडघ्यांत पांढरी, हातात १०-१८, असा मी लेन्स बदलत बसलो. पांढरी घसरू लागली तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी ती धरली. शपथ मला ऐकू आली, दिसली नाही. मान वर केली तेव्हा टाळ्या चालू होत्या. नंतर भाचीने विचारलं, ‘मामा, शपथेच्या वेळी तू आईच्या शेजारीच होतास ना?’ होतो. शरीराने होतो.

खाली उतरल्यावरची गोष्ट त्याहून गमतीची, म्हणजे आता सांगताना गमतीची. १०-१८ने गॅलरीचे एकदोन फोटो काढून मी पुन्हा पांढरी चढवली होती. भाची गर्दीतून धावत आली, टोपी एका बाजूला कललेली, हातात पदवीची फाइल, चेहरा असा की कुठल्याही फोटोग्राफरने जीव टाकावा. मी कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स फोकस करेचना. नुसती घरघर, चित्र धुरकट. पांढरीच्या अंगावर एक छोटी खिटी असते. ती एका बाजूला असली की लेन्स १.२ मीटरपासून पुढे फोकस करते, दुसऱ्या बाजूला असली की अडीच मीटरच्या आतलं काही पाहतच नाही. लांबचं पटकन पकडता यावं म्हणून ती सोय आहे. आधीच्या गिऱ्हाइकाने ती अडीचवर ठेवलेली असावी. भाची दोन मीटरवर उभी होती आणि म्हणत होती, ‘काढ ना!’ लेन्स आदल्या संध्याकाळी घरी आली होती. तिच्या अंगावरच्या खिट्या वाचायला मला वेळ होता. तो मी तिचे फोटो काढून मित्रांना पाठवण्यात घालवला.

मग आली अंगणातल्या जोडीच्या फोटोंची वेळ, आणि इथली चूक मला सगळ्यात लागली. सभागृहाबाहेर गुलमोहराखाली स्वच्छ, मऊ उजेड होता, काहीही चणचण नव्हती. मी ५०ची लेन्स लावली आणि तोंड पूर्ण उघडलं, एफ १.८. कशासाठी? मागचं पार्किंग धूसर व्हावं, चेहरा उठून दिसावा, लोकांनी ‘वा, काय ब्लर आहे’ म्हणावं म्हणून. भाची पुढे, ताई तिच्या खांद्यावर हात ठेवून अर्धं पाऊल मागे. मी दोन मीटरवर. या अंतरावर, या लेन्सने, एफ १.८ला जी पट्टी रेखीव येते ती जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर जाडीची असते. अर्धी वीत. भाचीच्या नाकापासून कानापर्यंत ती संपली. ताई त्या पट्टीच्या मागे.

मागच्या छोट्या पडद्यावर सगळं छानच दिसतं. रात्री संगणकावर मोठं करून पाहिलं तेव्हा भाचीच्या पापण्या मोजता येत होत्या आणि माझ्या बहिणीचा चेहरा विरघळला होता. एक नाही, त्या जागेवरची सगळीच्या सगळी मालिका. अंधारलेला फोटो रॉमधून वर काढता येतो, तिरका सरळ करता येतो, पण जे फोकसमध्ये नव्हतं ते परत आणता येत नाही. एफ ८ केलं असतं आणि एक पाऊल मागे सरकलो असतो, तर तीच रेखीव पट्टी दोन फुटांच्या वर गेली असती. पार्किंगमधल्या दोन स्कूटर ओळखू आल्या असत्या. बिघडलं काय असतं?

ताईने साडेपाच वर्षं मेसचे डबे, परीक्षांचे जागरणाचे फोन, फीचे हप्ते सगळं सांभाळलं होतं. तिला फोटो दाखवले तेव्हा ती म्हणाली, ‘छान आलीय रे पोरगी.’ स्वतःबद्दल काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ग्रुप फोटोतला घोटाळा मात्र बोलून दाखवला गेला. अंगणात ऊन आलं म्हणून मंडळी व्हरांड्यात सरकली. व्हरांडा अरुंद, मागे जायला जागा नाही. मी १०-१८ काढली, अगदी १०वर नेली आणि खूश झालो, कारण सगळे मावले. मावले हे खरं. पण १० मिलिमीटरला चौकटीची रुंदी जवळजवळ ९७ अंशांची होते, आणि इतक्या रुंद चित्रात अगदी कडेचं डोकं उंचीच्या मानाने दीडपट रुंद उमटतं. लेन्स खराब म्हणून नाही, सपाट सेन्सरवर एवढा कोन पसरायचा तर भूमितीच तशी आहे. इमारतीला ते चालतं, माणसाच्या डोक्याला नाही. उजव्या टोकाला भाऊजींच्या मोठ्या बहीणबाई उभ्या होत्या. फोटो पाहून त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, ‘अहो, मला एवढी रुंद केलीत का मुद्दाम?’ उत्तर द्यायला मी भूमिती काढली. भाऊजींनी डोळ्यांनी गप्प बसा म्हणून खुणावलं.

आता असा फोटो काढायचाच झाला तर मी कडेला सडपातळ पोरं उभी करतो आणि ज्येष्ठ मंडळी मधोमध खुर्चीवर. किंवा चार जणांना पायरीवर बसवून माणसांचीच रुंदी कमी करतो. पण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे व्हरांडा सोडून मोकळ्या जागेत जाणं आणि लेन्स २५-३०वर ठेवून दूर उभं राहणं. चेहरा कसा दिसतो हे शेवटी तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर ठरतं. लेन्स त्यातला किती भाग कापून घ्यायचा तेवढंच ठरवते. हे मी इतरांना शिकवलेलं आहे.

टोप्या उडवण्याचा कार्यक्रम शेवटी झाला. ही मूळची अमेरिकेतल्या ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतली १९१२ सालची गोष्ट. त्या वर्षीच्या मुलांना पदवीबरोबरच अधिकाऱ्याच्या नव्या टोप्या मिळाल्या, जुन्या निकामी झाल्या, म्हणून त्यांनी त्या भिरकावल्या. आमच्याकडच्या मुलांच्या टोप्या भाड्याच्या, त्यामुळे उडवण्याआधी ‘हरवली तर डिपॉझिट जाईल’ अशी सूचना माइकवरून झाली. माझा शटर व्हरांड्यातल्या सावलीसाठी १/६०वर होता. तो तसाच राहिला. फोटोत आकाशभर काळे फराटे आहेत, कावळ्यांचा थवा बिथरल्यासारखे. त्याच फोटोत काळ्या झग्यांची गर्दी असल्यामुळे कॅमेऱ्याने उलट चूक करून चेहरे पांढरेफटक केलेत. सकाळी एलईडीने फसवलं, दुपारी काळ्या कापडाने. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा सोडून आपापल्या राज्याच्या परंपरेतला पोशाख ठरवायला सांगितलं. तसं सगळीकडे झालं आणि पांढरे कुर्ते, उपरणी आली, तर मीटर पुन्हा पहिल्या बाजूला फसेल. पोशाख कुठलाही असो, मोजायचा चेहराच.

जुन्या स्टुडिओवाल्यांचा मला त्या दिवसानंतर फार हेवा वाटतो. आमच्या आधीच्या पिढीत बी.ए. झालेला माणूस गावातल्या स्टुडिओत जायचा. झगा स्टुडिओचा, हातातली भेंडोळी स्टुडिओची, तिच्या आत कोरा कागद. खुर्ची ठरलेली, दिव्यांची जागा ठरलेली, कॅमेऱ्याचं अंतर ठरलेलं, त्यामुळे लेन्सही एकच. खोट्या भेंडोळीचे ते फोटो अजून भिंतींवर आहेत आणि चेहरे लख्ख आहेत.

आणखी एक. डॉक्टर झालेल्या मराठी बाईचा फोटो म्हटलं की आनंदीबाई जोशींचा तो तिघींचा फोटो आठवतो. नऊवारीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. मी कित्येक वर्षं तो पदवीदानाच्या दिवसाचाच समजत होतो. तो १० ऑक्टोबर १८८५चा आहे. फिलाडेल्फियातल्या त्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने आनंदीबाईंना पदवी दिली ती पुढच्या मार्चमध्ये, ११ तारखेला, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. लक्षात राहिला तो मात्र आधीच्या, बिनपदवीच्या दिवसाचा फोटो.

भाचीला काय हवं होतं हे मला महिन्याभराने, जेवताना बोलता बोलता कळलं. शवविच्छेदन विभागातल्या अटेंडंट काकांबरोबर एक फोटो, ज्यांनी पहिल्या वर्षी चक्कर आलेल्या सगळ्यांना पाणी दिलं होतं. मेसच्या मावशींबरोबर एक. हॉस्टेलच्या त्या जिन्यात, जिथे परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्या बसायच्या, आईबरोबर एक. जिना अरुंद, मेसमध्ये ट्यूबलाइट, अटेंडंट काका लाजाळू. १८-१३५ने सगळं झालं असतं. त्या दुपारी ती हे मैत्रिणींच्या फोनवर काढत हिंडत होती आणि मी सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून लेन्सवरचे बोटांचे ठसे पुसत होतो, कारण परत देताना त्या माणसाने बोलू नये.

तो बोललाच. पांढरीच्या तोंडावर बसणारा हूड पिशवीत नव्हता. गॅलरीत, त्या लेन्स बदलण्याच्या धांदलीत, खुर्चीखाली राहिला असणार. कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला, त्यांनी शिपायाला पाठवून शोधलं, पण सापडला नाही. दुकानदाराने कॅटलॉग उघडून हूडची किंमत दाखवली आणि डिपॉझिटमधून कापून घेतली. मी पावती मागितली, त्याने दिली, आणि मी घासाघीस केली नाही.